हॉवर्ड घराणें आणि श्रद्धेचा वारसा



ज्युबिलीनिमित्त बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या चाळीत असतां तींच आडनांवें पिढ्यान्‌पिढ्या आमच्या दृष्टीस पडलीं. आडनांव जन्मानें मिळतें. श्रद्धाहि तशीच मिळते काय? इंग्लंडांतील हॉवर्ड घराण्याचा इतिहास या प्रश्नाचें उत्तर देतो.

हें घराणें नॉर्फोकच्या ड्यूकांचें. यांतील हेन्री हॉवर्ड, सरेचा अर्ल, हा विद्वान कवि. इंग्रजी काव्यांत निर्यमक छंद त्यानें आणिला. १५४७ सालीं त्याचा शिरच्छेद झाला. त्याचा पुत्र ड्यूक थॉमस यालाहि १५७२ सालीं तेंच मरण आलें. परंतु हे बळी राजकारणाचे होते.

थॉमसचे पुत्र संत फिलिप. १५५७ सालीं त्यांचा बाप्तिस्मा कॅथॉलिक विधीनें झाला, तथापि ते प्रॉटेस्टंट म्हणून वाढले व एलिझाबेथ राणीच्या दरबारीं चैनींत रमले. १५८१ सालीं लंडनच्या टॉवरमध्यें येशूसंघीय एडमंड कॅम्पियन यांचा वादविवाद त्यांनीं ऐकिला आणि त्यांचें मन पालटलें. १५८४ सालीं ते कॅथॉलिक झाले. पुढील वर्षीं देश सोडून जात असतां समुद्रावर पकडले गेले व दहा वर्षें त्याच टॉवरांत बंदिवान राहिले. ख्रिस्तासाठीं इहलोकीं जितकें दुःख, तितकें परलोकीं वैभव, या अर्थाचें लॅटिन वाक्य त्यांनीं तेथील भिंतीवर कोरिलें. तें आजहि दिसतें. अटकेनंतर जन्मलेल्या पुत्राचें मुख त्यांनीं कधींच पाहिलें नाहीं. राणीच्या चर्चांत एकवार उपासनेस जाल तर पत्नीपुत्रांस भेटाल व मुक्तहि व्हाल, असा निरोप त्यांस मरणसमयीं आला, असें सांगतात. त्यांनीं तो नाकारला. १५९५ सालीं ते तेथेंच निवर्तले. १९७० सालीं पोप सहावे पॉल यांनीं त्यांस संत घोषित केलें.

आणि तो पुत्र ? थॉमस हॉवर्ड थोर कलासंग्राहक झाला. त्याचे संगमरवरी शिलालेख ऑक्सफर्ड येथें आहेत. परंतु हुतात्म्याचा हा मुलगा १६१६ सालीं राजाच्या चर्चांत गेला ! तरी त्याच थॉमसचे पुत्र विल्यम, व्हायकाउंट स्टॅफर्ड, कॅथॉलिक म्हणून खोट्या कटाच्या आरोपाखालीं १६८० सालीं शिरच्छेदास सामोरे गेले. नातू फिलिप घरच्यांचा विरोध सोसून डोमिनिकन झाले व १६७५ सालीं कार्डिनलपदास पोहोंचले.

याच कुळांतील एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड (१७७४–१८१६) हे कॅथॉलिक रसायनशास्त्रज्ञ. बंद भांड्यांतील हवा काढून मंद आंचेवर साखरेचा पाक आटविण्याची युक्ति त्यांची. त्यांचे नातू एडवर्ड हेन्री राजरक्षकदलाचे अधिकारी होते. तलवार ठेवून १८५४ सालीं ते धर्मगुरु झाले व १८७७ सालीं कार्डिनल. पोर्तुगीज पाद्रोआदो आणि रोमची प्रोपगांडा यांच्या वादानें आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील ख्रिस्ती दुभंगले होते. तो वाद मिटविण्याच्या कामीं हे हॉवर्ड सुमारें एक वर्ष हिंदुस्थानांत होते.

बंधुभगिनींनो, हुतात्म्याच्या घरींहि श्रद्धेचा दिवा एका पिढींत मालवला आणि पुढल्या पिढीनें तो पुनः लाविला. आडनांव नोंदवहींत आपोआप उतरतें. दिवा मात्र ज्याचा त्यानें लावावा लागतो. संध्यासमयीं रोझरीस बसतांना आपलीं मुलें जवळ आहेत ना, हें आजपासून प्रत्येक घरानें पाहावें, हीच आमची विनंति.