रस्त्याच्या दुसऱ्या टोकाचे विश्वविद्यालय



रायपूर शहराच्या पोटातून पूर्व-पश्चिम जाणारा एक लांबलचक रस्ता आहे. सरकारी दप्तरात त्याचे नाव ग्रेट ईस्टर्न रोड; लोकांच्या तोंडी तो नुसता जी. ई. रोड. नागपूरकडून येऊन संबलपूरकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्याचाच हा गावातला तुकडा. त्याच्या पूर्वेच्या अंगाला तेलीबांधा नावाची वस्ती आहे आणि त्याच नावाचा तलाव आहे. तेथे माझे घर. आणि पश्चिमेच्या अंगाला, आमानाक्याच्या अलीकडे, पंडित रविशंकर शुक्ल विश्वविद्यालय. या दोन टोकांमध्ये सात-आठ किलोमीटरांचे अंतर असेल. हे अंतर तोडायला माझ्या घराला जवळजवळ पंचवीस वर्षे लागली. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

प्रथम एका घोटाळ्याचा उलगडा केला पाहिजे. महाराष्ट्रात ज्यांना आपण कुलगुरू म्हणतो, त्यांना आमच्याकडे माझ्या विद्यार्थिदशेत कुलपती म्हणत. आणि आपले कुलपती, म्हणजे राज्यपाल, ते आमचे कुलाधिपती. त्यामुळे, “काल कुलपतींनी मला खोलीत बोलावून चहा पाजला,” असे मी पत्रातून कळविले, तेव्हा अमरावतीचे माझे मामा चकित झाले होते. राज्यपालांनी आपल्या भाच्याला चहा पाजला, असा त्यांचा समज झाला आणि तो त्यांनी गावभर पसरविला. मी तो पुष्कळ दिवस दुरुस्त केला नाही.

छत्तीसगढातल्या विद्यार्थ्याचे विद्यापीठ हे फार काळ दूर कोठेतरी असे. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे जी विद्यापीठे निघाली ती लंडनच्या नमुन्यावर. शिकवावयाचे महाविद्यालयांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यावयाची आणि पदवी द्यावयाची. मध्य प्रांताच्या वाट्याला कलकत्ता आले. पंडित माधवराव सप्रे यांचेच उदाहरण घ्या. मातृभाषा मराठी, शालेय शिक्षण बिलासपूर-रायपुरात, आणि पदवी कलकत्ता विश्वविद्यालयाची. या सप्र्यांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा या आडगावाहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. पुढे लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले तेही त्यांनीच. पदवी मिळाल्यावर त्यांना तहसीलदारी देऊ केली होती आणि ती त्यांनी नाकारली, असे सांगतात. मी स्वतः महसूल खात्यात उमेदवारी केलेला मनुष्य असल्यामुळे ही गोष्ट आठवली की थोडा संकोचतो.

कलकत्त्यानंतर अलाहाबाद झाले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा पदवी एका रात्रीच्या प्रवासाइतकी जवळ आली. रायपुरात १९३८ साली छत्तीसगढ महाविद्यालय उघडले ते या नागपूर विद्यापीठाच्या छत्राखाली. मग डॉक्टर हरिसिंग गौर यांनी आयुष्यभराची वकिलीची कमाई ओतून १८ जुलै १९४६ रोजी सागर विद्यापीठ उभे केले आणि महाकोशलातली महाविद्यालये तिकडे जोडली गेली. नकाशा काढून पाहा. बस्तरचा एखादा मुलगा जगदलपुराहून रायपुरास येणार आणि त्याच्या उत्तरपत्रिकांचा हिशेब विंध्याच्या पलीकडे सागरास होणार!

छत्तीसगढच्या भूमीवरचे पहिले विद्यापीठ खरे पाहता रायपूरचे नव्हे, खैरागढचे. तेथील राजघराण्याने आपल्या कन्येच्या नावाने राजवाडा दिला आणि १९५६ साली त्यात संगीताचे आणि कलांचे विद्यापीठ सुरू झाले. पण गाणे सर्वांनाच येते असे नाही. सामान्य विषयांचे विद्यापीठ यावयास आणखी आठ वर्षे गेली. मध्य प्रदेश विधानसभेने १९६३ मध्ये कायदा केला आणि १ मे १९६४ रोजी रविशंकर विश्वविद्यालय अस्तित्वात आले. महाराष्ट्र दिन आणि आमच्या विश्वविद्यालयाचा वाढदिवस एकाच दिवशी येतात, याचे आमच्या घरी फार कौतुक होते. मध्य प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल रायपूरचेच. १९५६ च्या डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी ते गेले होते. त्यांचे नाव विश्वविद्यालयाला दिले. पहिले कुलपती, म्हणजे आपले कुलगुरू, डॉक्टर बाबूराम सक्सेना. अवधीच्या विकासावरील त्यांचा ग्रंथ भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. एका भाषापंडिताच्या हाताने आरंभ झाला म्हणून की काय, भाषाविज्ञानाचा विभाग येथे चांगला रुजला. विभागाला येथे ‘अध्ययनशाला’ म्हणतात. हा शब्द मला आपल्या ‘विभागा’पेक्षा अधिक आवडतो. विभाग म्हटले की तुकडा पडल्यासारखे वाटते; शाळा म्हटले की कोणीतरी शिकत आहे असे वाटते.

आता घराची गोष्ट. माझी आई वऱ्हाडातून लग्न होऊन १९७७ साली रायपुरास आली. वडील रेल्वेत कारकून. आई मराठी माध्यमातून मॅट्रिक झालेली; हिंदी तिला सिनेमापुरते येत असे. शेजारच्या एका मास्तरीणबाईंनी तिला सांगितले की येथे घरी बसून बी. ए. होता येते, परीक्षेपुरते तेवढे जावे लागते. अशा उमेदवाराला इकडे ‘स्वाध्यायी’ म्हणतात. रोजच्या बोलण्यात मात्र त्याला ‘प्रायव्हेट’ असेच म्हणतात, आणि त्यात किंचित हेटाळणी असते. तैत्तिरीय उपनिषदातल्या दीक्षान्त उपदेशात स्वाध्यायाला केवढा मान आहे! एखाद्या कारकुनाने अर्जाच्या मथळ्यावर तो शब्द छापावयास दिला, तेव्हा त्याच्या मनात उपनिषद असेल असे नाही. पण आईच्या बाबतीत तो शब्द अक्षरशः खरा होता. स्वयंपाक आटोपला, भांडी पालथी पडली, की ती भिंतीला टेकून हिंदी साहित्याचा इतिहास वाचू लागे. अडलेला शब्द ती वहीत मराठीत लिही. माझी मुळाक्षरे आणि तिचे कबीर-सूरदास एकाच दिव्याखाली झाले.

अर्जावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही लागे. एका कचेरीत ती तीन वेळा गेली. पहिल्या वेळी साहेब दौऱ्यावर होते, दुसऱ्या वेळी जेवणावर होते, आणि तिसऱ्या वेळी त्यांनी विचारले, “या वयात बी. ए. होऊन काय करणार?” सही मात्र केली. हा प्रश्न आई हसत सांगत असे. परंतु दर खेपेस सांगत असे. पुढे मी स्वतः राजपत्रित झालो. स्वतःच्याच सहीवर भागविण्याची सवलत येईपर्यंत असे पुष्कळ अर्ज माझ्यापुढे आले. मी एकदाही प्रश्न विचारला नाही. कधीकधी अर्जावरच्या छायाचित्राकडे तेवढे थोडे अधिक पाहिले.

परीक्षेचे केंद्र गावातल्या एका महाविद्यालयात असे. चैत्राचे ऊन, कडुनिंबाखाली उभी केलेली वडिलांची सायकल, आणि दांडीवर बसून आई बाहेर येण्याची वाट पाहणारा मी. आई बाहेर आली की प्रश्नपत्रिका वडिलांच्या हाती देई आणि माझ्याकडून सुराहीतले पाणी घेई. अशी तीन वर्षे. १९८८ मध्ये ती बी. ए. झाली, द्वितीय श्रेणीत. ज्या विश्वविद्यालयाची ती पदवीधर झाली त्याचे फाटक तिने पाहिले नव्हते. पाहण्याचे कारणच पडले नाही.

ते फाटक तिने पाहिले २००१ साली, मी एम. ए. ला प्रवेश घेतला त्या दिवशी. छत्तीसगढ राज्य होऊन तेव्हा वर्षही उलटले नव्हते. आम्ही तेलीबांध्याहून टेम्पोने निघालो. घडी चौक, शास्त्री चौक, जयस्तंभ, शारदा चौक, मग तात्यापारा. ‘पारा’ म्हणजे येथला मोहल्ला. आणि ‘तात्या’ कोठून आला हे मराठी श्रोत्यांना सांगावयास नको. भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये संपले, पण तात्या राहिले. पुढे राजकुमार महाविद्यालय. त्याच्या जशपूर हॉलमध्ये डिसेंबर २००० मध्ये नव्या राज्याच्या विधानसभेची पहिली बैठक भरली होती, कारण विधानसभेला बसावयास दुसरी जागा नव्हती. त्यापुढे सायन्स कॉलेज, अभियांत्रिकी, आयुर्वेद, अशी विद्येची रांगच लागते. आई फाटकाशी उतरली. पदर सावरून तिने एकवार आतवर नजर टाकली. म्हणाली, “बरीच झाडे आहेत की रे!” मला वाटले होते ती आणखी काही बोलेल. तिने फक्त ग्रंथालय कोठे आहे ते विचारले. पंडित सुंदरलाल शर्मांच्या नावाचे ते ग्रंथालय. तेथे ती दाराशी थांबली आणि आत बसलेल्या मुलींकडे पाहत राहिली.

माझी दोन वर्षे मोठ्या सुखाची गेली. धमतरी, कुरूद, राजिम, अभनपूर येथली मुले छोट्या लाइनीच्या गाडीने येत. ही अरुंद रूळांची गाडी आमच्या तेलीबांध्यावरूनच जाई. तिची चाल एवढी बेताची की दारात उभ्या असलेल्या मित्राशी चार वाक्ये बोलून होत. २०१७ मध्ये रायपुरातून जाणारा तिचा मार्ग बंद झाला आणि रुळांच्या जागेवर मोटारींचा वेगवान रस्ता झाला. भिलाईची मुले निराळी. पोलाद कारखान्यामुळे त्यांच्या वर्गात मल्याळी, बंगाली, तेलुगू, पंजाबी अशी सारी नावे असत, आणि ती आपापसांत बिहारी वळणाची हिंदी बोलत. वसतिगृहात बस्तर आणि सरगुज्याकडचे लोक. संध्याकाळी चहाच्या टपरीवर हे सगळे एकत्र आले, म्हणजे भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला वर्गात जाण्याची गरज उरत नसे.

तेथेच मला हलबी भेटली. बस्तरचा एक सहाध्यायी घरी फोन करताना ‘आमचो’ म्हणाला आणि माझे कान उभे राहिले. मी विचारले, “आमचो म्हणजे आमचाच ना?” तो म्हणाला, “हो, आमचो बस्तर.” माझे म्हणजे मोचो. ग्रिअर्सनने आपल्या भाषिक पाहणीत हलबीला मराठीच्या खंडात घातले आहे. पुढे विद्वानांनी त्यावर पुष्कळ वाद केला. छत्तीसगढी, ओडिया आणि मराठी यांचे पाणी तिच्यात कोणत्या प्रमाणात मिसळले आहे याविषयी अजूनही एकमत नाही. मला वादात शिरावयाचे नाही. परंतु नोकरीच्या पहिल्या वर्षांत बस्तरात असताना एक म्हातारी जमिनीच्या पट्ट्याचा अर्ज घेऊन आली. दुभाषा यायचा होता. तिने छातीवर हात ठेवून ‘मोचो’ म्हटले, तेव्हा पुढचे मला पुरते कळले नाही, पण जमीन कोणाची ते कळले. त्या दिवशी एम. ए. चे पैसे फिटले.

माझ्या विद्यार्थिदशेच्या अखेरीस या राज्यात एक विलक्षण प्रकार घडला. २००२ मध्ये खाजगी विद्यापीठांचा कायदा झाला आणि बघता बघता शंभराहून अधिक विद्यापीठे कागदावर उभी राहिली. दुकानांवरच्या माडीत, सदनिकेच्या दोन खोल्यांत विद्यापीठे निघाली. माझ्या एका बालमित्राने अशाच एका ठिकाणी नाव घातले. संगणकाचा अभ्यासक्रम, गुळगुळीत माहितीपत्रक, आणि वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीतून काढून दिलेली रक्कम. मला तो म्हणे, “तुमच्याकडे अजून पंखे करकरतात.” करकरत होते खरे. शास्त्रज्ञ प्राध्यापक यशपाल यांनी त्या कायद्याला आव्हान दिले आणि फेब्रुवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. प्रत्यक्ष शिकत असलेल्या मुलांचे नुकसान होऊ नये म्हणून त्यांच्या संस्था राज्यातल्या जुन्या विद्यापीठांशी जोडून घ्याव्यात, असा मार्गही न्यायालयाने दाखविला. पण जोडून घेण्यासाठी संस्था तर असावी लागते! माझ्या मित्राच्या दोन खोल्यांना तोवर कुलूप लागले होते. एके सायंकाळी तो आमच्या घरी आला आणि माझ्याशी न बोलता आईशी बोलत बसला. “काकू, प्रायव्हेटचा फॉर्म कसा भरतात?” आईने त्याला आपली जुनी वही काढून दिली. वह्या बदलतात, अभ्यासक्रम बदलतात. तिचा त्याला काही उपयोग झाला नसेल. तो पुढे बी. ए. झाला.

विद्यापीठ हा परीक्षेचा कारखाना होऊ नये, असे शिक्षणतज्ज्ञ सांगतात आणि ते खरेच आहे. मी स्वतः झाडांखाली बसून शिकलो. ते सुख सर्वांना मिळावे असे मलाही वाटते. तरीही स्वाध्यायींच्या गर्दीला केवळ ओझे समजणाऱ्यांशी माझे पटत नाही. फाटकाच्या आत थोडेच येतात. बाहेर राहून नाव लावणारे कितीतरी पट. त्यांच्यात पोलीस शिपाई असतात, अंगणवाडीच्या बाया असतात, लग्नाने शिक्षण तुटलेल्या मुली असतात. क्षेत्राची वाटणीही होत गेली आहे. बिलासपूरला १९८३ मध्ये, बस्तर आणि सरगुज्याला २००८ मध्ये, दुर्गला २०१५ मध्ये निराळी विद्यापीठे झाली. जगदलपूरच्या मुलाला आता सागरासच काय, रायपुरासही यावे लागत नाही. हे चांगलेच झाले. चहाच्या टपरीवर मात्र ‘आमचो’ पूर्वीइतके कानी पडत नाही, असे तिकडे गेलो म्हणजे वाटते.

आईजवळ गुणपत्रिका होत्या, पण पदवीचे प्रमाणपत्र तिने कधी मागविले नव्हते. त्यासाठी निराळा अर्ज आणि निराळे शुल्क लागे. त्या वर्षी ते पैसे माझ्या शाळेच्या गणवेशाला गेले. गेल्या पावसाळ्यात मी तो अर्ज केला आणि पदवी घेऊन आलो. तिने चष्मा लावला. ओळीवर बोट ठेवून नाव वाचले. आमच्या आडनावात ‘ळ’ आहे, आणि तेथे हिंदीच्या रीतीप्रमाणे ‘ल’ छापला होता. मी म्हटले, “दुरुस्त करून आणतो.” तिने मान हलविली. गुणपत्रिकांवरही तसेच आहे, म्हणाली. एका कागदावर ‘ळ’ आणि तीन कागदांवर ‘ल’ झाला तर उगाच चौकशी होईल. मग तिने तो कागद पुन्हा पाकिटात घातला आणि तलावावर फिरावयास निघण्याची वेळ झाली, असे सांगितले.