जहाजावर उतरलेलं पहिलं जेट



पुलगावच्या दारूगोळा भांडारामुळे वर्धा जिल्ह्याला लष्कर परकं नाही. नौदल मात्र मुंबई-कोकणातल्या लोकांचं, असं आपण धरून चालतो. म्हणूनच आज माजी नौदलप्रमुख ॲडमिरल राधाकृष्ण हरिराम ताहिलियानी यांच्याविषयी मुद्दाम बोलणार आहे.

आपली पहिली विमानवाहू युद्धनौका ‘विक्रांत’ 4 मार्च 1961 रोजी बेलफास्टला नौदलात दाखल झाली. 18 मे रोजी तरुण लेफ्टनंट ताहिलियानींनी सी हॉक विमान तिच्यावर उतरवलं. विक्रांतच्या डेकवर टेकलेलं ते पहिलं जेट.

हे काम किती अवघड, ते समजून घ्या. जेट विमानाला जमिनीवर दोन-दोन किलोमीटरची धावपट्टी लागते. विक्रांतची सगळी लांबी जेमतेम 213 मीटर, आणि उतरायची जागा त्याहून कमी. डेकवर आडव्या पोलादी तारा असतात. विमानाच्या शेपटीखालचा आकडा त्यांतल्या एकीत अडकला, तरच विमान थांबतं. नाही अडकला, तर डेक संपायच्या आत पुन्हा उड्डाण करायचं! खाली जहाजही चालत असतं, लाटांवर हेलकावत असतं. इथं नुसतं धाडस कामाचं नाही. कसून केलेला सराव आणि शिस्त हवी.

त्या सरावाचं आणि शिस्तीचं फळ दहा वर्षांनी, पाकिस्तानशी झालेल्या युद्धात दिसलं. 4 डिसेंबर 1971 रोजी विक्रांतवरच्या सी हॉक विमानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर हल्ला चढवला. ताहिलियानी 1984 मध्ये नौदलप्रमुख झाले. या पदावर पोहोचलेले ते पहिले नौदल वैमानिक. त्यांच्याच कारकिर्दीत, 1987 मध्ये ‘विराट’ ही विमानवाहू नौका नौदलात आली. पुढं ते सिक्कीमचे राज्यपाल झाले, नंतर भ्रष्टाचाराविरुद्धच्या कामात उतरले. 2015 मध्ये त्यांचं निधन झालं.

ताहिलियानींची ही परंपरा पुढंही चालू राहिली. 11 जानेवारी 2020 रोजी तेजस या लढाऊ विमानाची नौदल आवृत्ती ‘विक्रमादित्य’ या विमानवाहू नौकेवर प्रथमच उतरली. ते स्वदेशी विमान उतरवणारे होते कमोडोर जयदीप मावळणकर.

हिंगणघाट, आर्वी, देवळीच्या विद्यार्थ्यांनो, बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेतलंत, तर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून म्हणजे एनडीएतून नौदलाची वाट तुम्हालाही खुली आहे. आता ती मुलींनाही खुली झाली आहे. पालकहो, समुद्र लांब आहे म्हणून मुलांना अडवू नका. परीक्षेचा अर्ज भरायला सांगा, आणि अभ्यासाला बसवा.