कुत्रा मारून रेबीज मरत नाही



आज आपण पशुवैद्यक आणि विद्यार्थी भायखळ्यात जमलो आहोत. इथून जवळच एकीकडे जे. जे. रुग्णालय आहे आणि दुसरीकडे मोतीशा शेठांचं जैन मंदिर. सर जमशेटजी जीजीभाई आणि मोतीशा शेठ हे व्यापारातले सोबती. मुंबईचा पांजरापोळ १८३४ साली उभा राहिला, त्यामागेही ही दोन्ही नावं आहेत. तो उभारावासा का वाटला, हे आपल्या व्यवसायातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं.

उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायची, असा कंपनी सरकारचा नियम या शहरात १८१३ पासून होता. कारण पिसाळलेल्या कुत्र्यांच्या भीतीचंच दिलं जाई. १८३२ साली मारण्याची मुदत वाढवली आणि कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठरलं. पैसे नगावर मिळू लागल्यावर काय होणार? पकडणारे लोक अंगणात, घरात शिरू लागले, पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक मान. अंत्यविधीतही कुत्र्याची दृष्टी प्रेतावर पडावी लागते. ६ जूनला कोटात पारशांनी शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाले, हिंदू, जैन, मुसलमान व्यापारीही त्यात उतरले, कुलाब्याच्या छावणीचा रोजचा पुरवठा अडला. शेवटी लष्कर बोलवावं लागलं. या दंगलीनंतर दोनच वर्षांनी पांजरापोळ निघाला. आणि त्याच जमशेटजींच्या देणगीतून झालेलं माणसांचं रुग्णालय १८४५ मध्ये सुरू झालं. कुत्र्याची कणव असणाऱ्याला माणसाची पर्वा नसते, असं आज कुणी ऐकवलं की मी त्याला भायखळ्याचा रस्ता दाखवतो.

पण मी भीतीला हसणारा नाही. विद्यार्थी असताना मी रेबीजचा एक रुग्ण पाहिला, आठनऊ वर्षांचा मुलगा. पाण्याचा पेला समोर येताच त्याचा गळा आवळून यायचा. तहान लागलेली आणि पाणी पिता येत नाही. चावलं होतं एक पिल्लू. पिल्लूच तर आहे, म्हणून घरच्यांनी जखमेवर हळद दाबली आणि विषय सोडून दिला. लक्षणं दिसू लागल्यावर या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसं रेबीजने दगावतात असा अंदाज आहे, आणि त्यातली एक तृतीयांशाहून जास्त आपल्या देशातली. ज्या आईचं मूल असं गेलं, तिने कुत्र्यांचा द्वेष केला तर मी तिला एक शब्दही बोलणार नाही. मी बोलतो आहे ते तिचं दुसरं मूल वाचावं म्हणून.

कुत्री मारल्याने ते मूल वाचत नाही. या शहराने हे दीडशेहून जास्त वर्षं करून पाहिलं आहे. महालक्ष्मीच्या कोंडवाड्यात कुत्र्यांना विजेचा झटका देऊन मारत, ते १९९४ च्या सुमारास थांबलं. इतकी वर्षं मारूनही ना कुत्री संपली, ना रेबीज. कारण साधं आहे. गल्लीत कचरा आणि खरकटं आहे तोवर तिथे कुत्र्याची जागा आहे. एक टोळी उचलली की शेजारच्या भागातली, लस न टोचलेली कुत्री त्या जागेत येतात. उरलेल्या माद्या दोन महिन्यांच्या गाभणपणानंतर पिल्लं घालतात. कुत्री पकडणाऱ्या गाडीला सापडतं ते माणसाळलेलं, हाकेला येणारं कुत्रं, म्हणजे बहुधा आपण टोचलेलंच! पिसाळलेलं तर केव्हाच दूर भरकटलेलं असतं. आपली लस आपणच मारायची, असा हा उद्योग आहे.

आणि क्रौर्य? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात भटक्या कुत्र्यांना हृदयात स्ट्रिक्निन टोचून मारणं हा गुन्हा म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे. कायद्यात विषाचं नाव घालावं लागलं, इतकं ते सर्रास चालत होतं. ज्यांनी स्ट्रिक्निनचे झटके पाहिले आहेत त्यांना मी अधिक सांगायला नको. आजही कुठे गावाबाहेर विष घातलेले मटणाचे तुकडे टाकले जातात. हे काम करायला कुणी सांगितलं, तर पशुवैद्यकाने तोंडावर नाही म्हटलं पाहिजे.

उपाय माहीत आहे. एका भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली, तर विषाणूची साखळी तुटते. गोव्याने हे करून दाखवलं: गावोगाव, वाड्यावाड्यांत पथकं फिरली, शाळांत मुलांना शिकवलं, संशयित कुत्र्याची खबर आली की लगेच तपासणी झाली. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित जाहीर झाला, तेव्हा तीन वर्षांत एकही माणूस रेबीजने गेला नव्हता. कोकणाला लागून असलेल्या, आपल्यासारखाच पाऊस, मासळीबाजार आणि मोकाट कुत्री असलेल्या राज्यात हे झालं.

मुंबईत २०२४ च्या गणनेत सुमारे ९० हजार भटकी कुत्री निघाली. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ ला आधीचा आदेश बदलून सांगितलं की नसबंदी आणि लसीनंतर कुत्रं मूळ जागी सोडावं. पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री मात्र वेगळी ठेवावीत. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, स्थानकांच्या आवारातून कुत्री हलवण्याचाही आदेश आला. त्यावर वाद होत राहतील. मला काळजी आहे ती या गोंधळात लसीचं काम मागे पडण्याची.

हे काम होतं कसं, तेही सांगतो. जाळं घेऊन गेलं की गल्ली रिकामी होते. पण चाळीत रोज भाकरी घालणारी एक मावशी बरोबर असली, की ती नावाने हाक मारते, कुत्रं मांडीशी येतं आणि सुई कधी टोचली ते त्याला कळतही नाही. तिला शत्रू मानणाऱ्या सोसायट्यांना माझं सांगणं आहे: तुमच्या मुलांचं रक्षण तिच्या हातून होतं आहे.

२८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्याआधीचा एक रविवार प्रत्येकाने भायखळ्याच्या ई वॉर्डातल्या लसीकरणाला द्यावा. बाहेर टेबलावर वही ठेवली आहे. नाव आणि तारीख लिहूनच घरी जा. आणि जिथे जाल तिथे हे सांगत राहा: कुत्रं चावलं, पिल्लू असलं तरी, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.