गुडघ्यातील अस्थिबंध : रचना आणि शस्त्रक्रिया



‘गुडघ्यातील लिगामेंट तुटली’ असे कानी पडताच पहिला प्रश्न मनात येतो, आता शस्त्रक्रिया अटळ का? याचे उत्तर कोणती लिगामेंट तुटली, यावर अवलंबून असते.

लिगामेंट म्हणजे अस्थिबंध. हाडाला हाडाशी बांधून ठेवणारा चिवट दोर. गुडघ्यात असे चार प्रमुख बंध आहेत. दोन बाजूंचे दोन बंध गुडघा डावी-उजवीकडे कलू देत नाहीत. मध्यभागी दोन बंध फुलीप्रमाणे एकमेकांना छेदतात. त्यांतील पुढचा, सुमारे ३ सेंटिमीटर लांबीचा बंध नडगीचे हाड पुढे सरकू देत नाही. मागचा ते मागे घसरू देत नाही.

आतील बाजूच्या बंधाला रक्तपुरवठा चांगला असतो. तो तुटला, तरी बहुधा पट्टा आणि व्यायाम यांनी काही आठवड्यांत सांधतो. फुलीतील पुढच्या बंधाचे तसे नाही. सांध्यातील वंगणामुळे तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गुठळी टिकत नाही आणि गुठळीवाचून जोड धरत नाही. इंग्लंडमध्ये मेयो रॉबसन यांनी १८९५ मध्ये असे बंध टाके घालून जोडले. परंतु नुसती शिवण पुष्कळदा टिकत नाही, असा पुढे अनुभव आला. १९१७ मध्ये हे ग्रोव्हज यांनी रुग्णाच्याच मांडीतील पट्टीपासून नवा बंध घडविला. आजही बहुतांशी तेच तत्त्व आहे : रुग्णाचीच कंडरा घेऊन, हाडांत बोगदे पाडून, दुर्बिणीच्या साहाय्याने ती मूळ जागी बसवायची. तिच्यात रक्तवाहिन्या रुजण्यास महिने लागतात. म्हणून व्यायामात धीर हवा.

अहिंसाव्रती मनाला येथे समाधान आहे, कारण हा बंध स्वतःच्याच देहातला असतो. काही टाक्यांचे धागे मात्र प्राणिजन्य असतात. कृत्रिम धागेही मिळतात. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना तसे निःसंकोच विचारावे.

ज्यांचा गुडघा व्यायामाने स्थिर राहतो, त्या सर्वांनाच शस्त्रक्रिया लागत नाही. पण शत्रुंजयाच्या पायऱ्या उतरताना किंवा वळताना गुडघा वारंवार निसटत असेल, तर दुर्लक्ष करू नये. प्रत्येक हिसक्याला आतील गादी फाटण्याचा धोका असतो, आणि फाटलेली गादी पूर्ववत होईलच असे नाही. यात्रेचा संकल्प करण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी, एवढीच विनंती.