खुराड्याचीं पथ्यें

सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर नवापूर नांवाचें एक स्टेशन आहे. त्या स्टेशनांतूनच दोन राज्यांची सीमा जाते. फलाटाचा एक भाग महाराष्ट्रांत, तर दुसरा गुजराथेंत. प्रवाशांस या गोष्टीचें मोठें कौतुक वाटतें आणि पुष्कळजण मुद्दाम एक पाय इकडे व एक पाय तिकडे ठेवून उभे राहतात. परंतु सीमा ही माणसाच्या सोयीची वस्तु आहे, रोगास ती ठाऊक नसते. याच नवापुरांत सन २००६ च्या आरंभीं ज्या रोगानें कोंबड्यांचीं खुराडींच्या खुराडीं ओस पाडलीं, त्याचा वृत्तांत आज श्रोत्यांपुढें ठेवावयाचा आहे; आणि त्याहूनहि अधिक, तो रोग पुन्हा खुराड्यांत शिरूं नये म्हणून पाळावयाचीं पथ्यें सांगावयाचीं आहेत.

रोग तसा नवा नव्हे. सन १८७८ मध्यें इटलींतील पेरोन्चितो नांवाच्या पंडितानें कोंबड्यांच्या एका भयंकर सांथीचें वर्णन करून ठेवलें आहे. पुढें १९०१ सालीं असें आढळून आलें कीं, या रोगाचें बीज फारच सूक्ष्म असून जिवाणु अडविणाऱ्या गाळणींतूनहि तें पलीकडे जातें. आणि तें बीज म्हणजे माणसास ताप-पडसें आणणाऱ्या इन्फ्लुएंझाचेंच एक भावंड आहे, हें उमगण्यास १९५५ साल उजाडावें लागलें. म्हणून आज त्यास बर्ड फ्लू असें म्हणतात. त्याच्या जाती अनेक आहेत. कांहीं सौम्य असतात; त्यांच्या बाधेनें कोंबडी चार दिवस मलूल राहते व अंडीं कमी घालते, एवढेंच. कांहीं अशा उग्र कीं, रात्रीं दाणे टिपून निजलेल्या कोंबड्या सकाळीं पटापट मरून पडलेल्या दिसतात. या उग्र जातींपैकीं एच् ५ एन् १ ही अधिक कुप्रसिद्ध. १९९६ सालीं चीनच्या ग्वांगडोंग प्रांतांत पाळीव हंसांत ती प्रथम ओळखली गेली. दुसऱ्याच वर्षीं हाँगकाँगमध्यें १८ माणसांस तिची बाधा होऊन त्यांतील ६ दगावलीं, आणि तेथील सरकारनें डिसेंबरच्या अखेरीस आपल्या हद्दींतील सर्व कोंबड्या मारविल्या. २००५ सालीं चीनमधील चिंगहाई सरोवरावर हजारों रानपक्षी मेले. त्यांत पट्टकदंब हंस पुष्कळ होते. हे हंस हिंवाळ्यांत हिमालय ओलांडून भारतांतील जलाशयांवर उतरतात. तेव्हां पुढें काय होणार, हें जाणत्यांस दिसूं लागलें होतें.

नवापूर हें नंदुरबार जिल्ह्यांतील तालुक्याचें ठिकाण. तेथें अंड्यांचा धंदा चांगला वाढीस लागला होता, आणि शेजारच्या गुजराथेंतील शहरांस तेथून अंडीं जात. एकाचें बरें चाललेलें पाहून दुसऱ्यानें त्याच्याच शेजारीं शेड बांधावी, असें करतां करतां शेडी एकमेकींस खेटून उभ्या राहिल्या. २००६ च्या जानेवारीच्या अखेरीपासून त्यांत कोंबड्या मरूं लागल्या. पाळणाऱ्यांस वाटलें, मानमोडी आली. मानमोडी म्हणजे राणीखेत रोग. तो कोंबडीपाळाच्या घरचा जुना आणि नकोसा पाहुणा. त्यांतहि कोंबड्या झपाट्यानें मरतात, हगवण लागते, श्वास लागतो. नुसत्या डोळ्यांनीं पाहून एका रोगापासून दुसरा ओळखणें पशुवैद्यासहि कठीण पडतें. यास्तव पाळणाऱ्यांस त्याबद्दल बोल लावणें न्यायाचें होणार नाहीं; बोल लावावयाचा तर तो मेलेला पक्षी तपासण्यास पाठविण्यांत गेलेल्या दिवसांस लावावा लागेल. अखेर नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेंत गेले आणि १८ फेब्रुवारी रोजीं सरकारनें जाहीर केलें कीं, हा बर्ड फ्लू आहे. भारतांत त्याची ती पहिली नोंद.

नियम असा होता कीं, रोगाच्या ठिकाणापासून तीन किलोमीटरच्या आंत जितके पाळीव पक्षी असतील तितके सर्व मारून पुरावयाचे. पांढरे अंगरखे, चष्मे व मुखपट्ट्या घातलेलीं माणसें शेडींतून फिरूं लागलीं. खोल खड्डे खणले गेले, लाखों कोंबड्या व अंडीं त्यांत गेलीं, वर चुना पडला. ज्यांचे हजारों पक्षी गेले त्यांची हानि तर उघडच होती. परंतु त्या तीन किलोमीटरांत गरिबांचीं झोंपडींहि होतीं. अशा झोंपडींत एखाद्या म्हातारीच्या डालग्याखालीं पांच-सात गांवठी कोंबड्या असतात. तिनें शेडीचें तोंडहि पाहिलेलें नसतें. तिच्या दृष्टीनें ती कोंबडी म्हणजे औषधाचा पैसा, पाहुण्याचा पाहुणचार आणि नातवाची पाटी-पुस्तक. रोग दुसऱ्याच्या शेडींत निघाला आणि डालगें तिचें रिकामें झालें. कोंबडीपाळानें पथ्य पाळावें तें केवळ स्वत:च्या नफ्यातोट्याकरितां नव्हे, हें या एका गोष्टीवरून ध्यानीं येईल.

आतां हा रोग हिंडतो कसा, तें पाहूं. रोगी पक्ष्याच्या विष्ठेंत, लाळेंत व नाकांतील स्रावांत त्याचें बीज असतें. ओल्या विष्ठेंत तें ३७ अंश उष्णतेंत सहा दिवस, तर ४ अंशांच्या थंडींत पस्तीस दिवसांपर्यंत जिवंत राहिल्याचें आढळलें आहे. सांथी हिंवाळ्यांत कां उसळतात, याचें एक कारण हेंच. लोक आकाशाकडे बोट दाखवून परदेशी पक्ष्यांस दोष देतात. पाणपक्षी रोग दुरून आणतात हें खरें. बदकांसारखे पक्षी तर स्वत: धड दिसत असतांहि बीज टाकीत फिरतात. परंतु एका शेडींतून दुसऱ्या शेडींत तें नेणारा बहुधा दोन पायांचा व बिनपंखांचाच असतो. चिमूटभर विष्ठा वहाणेच्या तळव्यास लागली कीं काम भागलें. व्यापाऱ्याचे पिंजरे, खाद्याच्या मोटारीचीं चाकें, लस टोचणाऱ्याचे हात, आणि सर्वांहून वाईट म्हणजे अंडीं ठेवण्याचे पुठ्ठ्याचे ट्रे! आज या शेडींतून बाजारांत, उद्यां बाजारांतून भलत्याच शेडींत, अशी त्यांची अखंड वारी चालू असते, आणि पुठ्ठा कांहीं धुतां येत नाहीं. प्लॅस्टिकचे ट्रे वापरावे, ते परत आल्यावर धुवून उन्हांत वाळवावे, नाहींतर पुठ्ठ्याचा ट्रे एकदां गेला तो गेला असें समजावें.

जुन्या घरांत सोंवळ्याचा जो कडकपणा असे त्याविषयीं मतभेद असोत. पण खुराड्यास तो अक्षरश: लागू करावा. शेडीच्या दारांत एक रेषा ओढावी. रेषेच्या बाहेरचे जोडे बाहेर, आंतले आंत. आंतले जोडे घराच्या अंगणांत येऊं नयेत, मग पाऊस असो वा पाहुणा आलेला असो. आंत जाणाऱ्यानें हात साबणानें धुवावे आणि आंगावर निराळा सदरा घालावा. या बीजाचें कवच स्निग्ध पदार्थाचें असल्यामुळें साधा साबणहि त्यास मारक होतो. पुष्कळ ठिकाणीं दारापाशीं जंतुनाशकाचें उथळ टांकें केलेलें असतें, परंतु त्याची दशा पाहावी तों पाणी आटलेलें, त्यांत चिखल, वर पिसें तरंगत असलेलीं. अशा टांक्यांत पाय बुडविणें म्हणजे निव्वळ उपचार झाला. शेण-मातीनें जंतुनाशकाचा जोर मरतो. म्हणून आधीं ब्रशानें जोडा घासावा, मग बुडवावा, आणि टांक्यांतील पाणी मळलें कीं लगेच बदलावें. हेंच शेडीसहि लागू. आधीं झाडणें, मग धुणें, मग औषध. हा क्रम उलटला तर औषधाचे पैसे वाया जातात.

पाहुण्यांचें काय करावें, हा प्रश्न नाजूक आहे. गांवकीच्या रीतीप्रमाणें शेजारी "कोंबड्या कशा आहेत?" म्हणून सहज आंत डोकावतो, त्यास "बाहेर बसा" म्हणणें उद्धटपणाचें वाटतें. पण ज्याच्या स्वत:च्या घरीं कोंबड्या आहेत, तोच शेजारी सर्वांत धोक्याचा. चहा ओसरीवर द्यावा, गप्पा तेथेंच माराव्या. मजुराविषयीं तर अधिकच कांटेकोर राहावें. दिवसां एका शेडीवर व सायंकाळीं दुसऱ्या शेडीवर राबणारा गडी दोन पैसे अधिक मिळवितो, हें खरें. तेव्हां त्यानें दुसरीकडे जाऊं नये असें वाटत असेल तर ते दोन पैसे मालकानें द्यावे. त्याच्या घरींहि कोंबड्या नसाव्या, असा करार पुष्कळ जाणते पाळणारे करतात.

पाणी झांकलेल्या टांकींतलें असावें. ज्या तळ्यांत रानबदकें उतरतात तेथील पाणी आणावयाचें नाहीं, आणावेंच लागलें तर क्लोरीन घालून वापरावें. दाणा उघड्यावर सांडलेला राहिला कीं कावळे-चिमण्या आल्याच. म्हणून तो झांकून ठेवावा आणि शेडीच्या जाळीस भोंक पडूं देऊं नये. बदकें, टर्की, कोंबड्या व डुकरें एका आवारांत ठेवूं नयेत. बाजारांतून नवा पक्षी आणला तर तो महिनाभर निराळा ठेवावा, आणि त्यास दाणापाणी सर्वांच्या शेवटीं घालावें. बाजारांत नेऊन विकला न गेलेला पक्षीहि नवाच समजावा. हें पथ्य फारच थोडे पाळतात.

डालग्याखालच्या कोंबड्यांस हें सारें कसें जमावें? सर्व जमणार नाहीं, तें सांगूंहि नये. पण आसपास रोगाची वार्ता असतां कोंबड्या मोकळ्या न सोडतां जाळीच्या आडोशाला ठेवणें, दाणे अंगणभर न फेंकतां भांड्यांत आंतच घालणें, बदकांपासून त्यांस वेगळें करणें, मुलांस त्यांच्याशीं खेळूं न देणें, आणि खुराडें झाडून चुना टाकणें, इतकें गरिबासहि बिनखर्चानें करतां येतें.

रोगाचीं चिन्हें अशीं: अंडीं एकाएकीं कमी होणें, कवच मऊ पडणें, तुरा व गलोल निळसर-जांभळा होणें, डोकें सुजणें, पायांवर लाल चट्टे उमटणें, मान वांकडी होणें; आणि पुष्कळदां कांहींच चिन्ह न दिसतां नुसता मृत्यु. यास औषध नाहीं. राणीखेतची लस टोचली असली तरी ती या रोगास उपयोगी नाहीं. मेलेला पक्षी हातानें उचलूं नये, हातांस पिशवी बांधावी. सोलूं नये, नदींत टाकूं नये, कुत्र्यापुढें तर मुळींच टाकूं नये. डिसेंबर २०२४ मध्यें नागपूरजवळील गोरेवाडा येथील प्राणि-केंद्रांत तीन वाघ व एक बिबट्या याच रोगानें मेले, आणि लागलीच जानेवारींत उदगीरला कावळे मेलेले सांपडले.

सर्वांत अवघड पथ्य शेवटीं राहिलें, तें खबर देण्याचें. २००९ च्या केंद्रीय कायद्यानें प्राण्यांचे ठराविक सांसर्गिक रोग गांवच्या अधिकाऱ्यास किंवा पंचायतीस कळविणें मालकाचें कर्तव्य ठरविलें आहे, व बर्ड फ्लू त्या रोगांत मोडतो. तरी खबर दडविली जाते. कारण उघड आहे: पशुवैद्य आला कीं सर्वच कोंबड्या जाणार, ही भीति. मग मरतुकड्या निघण्यापूर्वीं उरलेल्या कोंबड्या स्वस्तांत विकून मोकळें होण्याचा मोह पडतो, आणि त्या विकलेल्या कोंबड्यांबरोबर रोग दहा गांवीं जातो. हिशेबानेंहि हा मोह खोटाच आहे. सरकारची भरपाई मारलेल्या पक्ष्यांबद्दल मिळते, आपोआप मेलेल्यांबद्दल नाहीं. म्हणजे खबर देण्यास जितका उशीर, तितकी भरपाई कमी. मात्र ती भरपाई वेळेवर हातीं पडली पाहिजे. ती सहा महिने कचेरींत अडकत असेल, तर खबर दडविणाऱ्यास उपदेश करण्याचा अधिकार सरकारास फारसा उरत नाहीं.

माणसांविषयीं दोन शब्द. हा रोग माणसास क्वचित होतो. झाला तर मात्र वाईट. नवापुरांत २००६ सालीं कोणाहि माणसास तो झाल्याचें निष्पन्न झालें नाहीं. जुलै २०२१ मध्यें हरियाणांतील एका मुलाचा दिल्लींत त्यानें अंत झाला. भारतांतील तो पहिला. मांस व अंडीं आंतपर्यंत ७० अंश उष्णतेनें शिजलीं कीं बीज मरतें, आणि आपल्या घरचा रस्सा त्याहून पुष्कळच तापतो. धोका ताटांत नसून कच्च्या मांसाच्या पाटावर, सुरीवर आणि सोलणाऱ्याच्या हातांवर असतो. मेलेल्या पक्ष्यांजवळ वावरलेल्यास ताप-खोकला आला तर त्यानें डॉक्टरास ती गोष्ट आधीं सांगावी.

जानेवारी २०२१ मध्यें परभणी जिल्ह्यांतील मुरुंबा गांवीं कोंबड्या मेल्या, आणि फेब्रुवारींत पंधरा वर्षांनीं रोग पुन्हा नवापुरांतच आला. पुन्हा खड्डे खणले गेले, पुन्हा चुना पडला. एवढें मात्र झालें होतें कीं, दरम्यानच्या काळांत नियम बदलला होता: तीन किलोमीटरांऐवजीं आतां एकाच किलोमीटरांतील पक्षी मारावयाचे, आणि तेथून दहा किलोमीटरांपर्यंत केवळ नजर ठेवावयाची. शेडीपासून दोन किलोमीटरांवर राहणाऱ्या म्हातारीच्या अंगणांत या खेपेस पशुवैद्य आला असेल तर तो नमुन्याची कुपी घेऊन. तिचें डालगें उचलण्याची त्यास जरूर नव्हती.