पृथ्वीप्रदक्षिणेची यादी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



१९ ऑगस्ट २००९ रोजी नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे ‘म्हादेई’ ही शिडाची नौका घेऊन मुंबईहून एकटेच निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीला वळसा घालून मुंबईलाच परतले. शिडाच्या नौकेतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. नौका गोव्यात बांधलेली. या नऊ महिन्यांत त्यांनी मुक्काम केले फक्त चार ठिकाणी : ऑस्ट्रेलियातलं फ्रीमँटल, न्यूझीलंडमधलं लिटल्टन, फॉकलंड बेटांवरचं पोर्ट स्टॅन्ली आणि दक्षिण आफ्रिकेतलं केपटाऊन.

केपटाऊन सोडलं, तर यातलं एकही नाव सहलींच्या जाहिरातीत सहसा दिसत नाही. पण दर्यावर्दी माणूस ‘काय बघायचं’ असा विचार करून बंदरं ठरवत नाही. दक्षिण महासागरात वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून दिशा ठरली. केप हॉर्नचं खवळलेलं टोक तिकडच्या उन्हाळ्यातच, म्हणजे आपल्या डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास ओलांडायचं, म्हणून निघण्याचा महिना ठरला. दुरुस्ती, पाणी, शिधा कुठं मिळेल यावरून बंदरं ठरली. आवडीनिवडीचा प्रश्न आला तो सगळ्यांत शेवटी.

मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. त्यामुळे ‘जगाच्या सफरीवर जायचंय, कुठं कुठं जाऊ?’ असं विचारणारी माणसं अधूनमधून घरी येतात. हातात यादी असते. मी यादी बाजूला ठेवतो आणि विचारतो, ‘निघणार कधी?’

दीड-दोन वर्षांपूर्वी आमच्या कॉलनीतल्या एक ताई अशाच आल्या. वय ६१. पोस्टात ३४ वर्षं नोकरी. यजमान जाऊन तीन वर्षं झालेली, मुलगी अमेरिकेत, मुलगा बेंगळुरूला. निवृत्तीच्या पैशातला एक हिस्सा त्यांनी वेगळा काढला होता आणि सहा महिने एकटीनं जग फिरायचं ठरवलं होतं. मुलाचं म्हणणं, टूर कंपनीबरोबर जा. ताई म्हणाल्या, ‘सर, टूरवाले नेतील तिथं मी जायचं, दाखवतील ते बघायचं. तेवढ्यासाठी का इतके दिवस थांबले मी?’ त्यांच्या वहीत २७ देश होते. पैसे एकदाच खर्च होणार होते. गुडघे अजून चालताहेत, ते आणखी किती वर्षं चालतील याचा भरवसा नव्हता. थोडक्यात, ही यादी चुकून चालणार नव्हती.

पहिली कात्री लावली कॅलेंडरनं. ताईंना बोलिव्हियातलं उयुनीचं मिठाचं मैदान बघायचं होतं. आभाळ पायाखाली उतरल्यासारखं दिसतं तो फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. पण तो आरसा मैदानावर पावसाचं पाणी साचतं तेव्हाच, साधारण जानेवारी ते मार्च. जून-जुलैत गेलात तर पांढरं कोरडं मीठ आणि हाडं गोठवणारी रात्र. पॅटागोनिया हवा होता, तोही त्यांच्या उन्हाळ्यातच बरा. उलट पेरूमधलं माचूपिचू बघायला कोरडा काळ मे ते सप्टेंबर. खंड एकच, पण एकाच फेरीत दोन्ही साधत नाहीत. ताई माचूपिचूवर ठाम होत्या. उयुनी आणि पॅटागोनियावर काट मारली.

दुसरी कात्री व्हिसाची, आणि ती आपल्याला फार लागते. युरोपियन किंवा अमेरिकन माणसानं लिहिलेलं प्रवासाचं पुस्तक वाचलं की वाटतं, मनात आलं की उठावं आणि पुढच्या देशात जावं. त्याचा पासपोर्ट त्याला ती मुभा देतो. आपल्या पासपोर्टवर प्रवासाचा क्रम बऱ्याच अंशी वकिलातीच ठरवतात. उदाहरण देतो. युरोपातल्या २९ देशांना मिळून चालणारा शेंगेन व्हिसा प्रवासाच्या सहा महिन्यांहून आधी मागता येत नाही. तो आपण राहतो त्या देशातूनच मागावा लागतो, वाटेत पेरूमध्ये बसून नव्हे. म्हणजे घरातून निघण्यापूर्वी तो हातात हवा आणि अर्ज केल्यापासून सहा महिन्यांत युरोपात पाऊल पडायला हवं. जपानचा एका प्रवेशाचा व्हिसा मिळाल्यापासून तीनच महिने चालतो. म्हणून जपान आधी, युरोप नंतर आणि जिथं व्हिसा लागतच नाही तो देश सर्वांत शेवटी. ही गोष्ट कागदावर मांडली तेव्हा ताईंच्या निम्म्या यादीला आपोआप क्रमांक पडले.

याच्या उलट, एखादा व्हिसा किल्लीसारखा चालतो. लेकीच्या बाळंतपणासाठी ताईंनी अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा पूर्वीच काढला होता. तो चालू असेल तर भारतीय माणसाला मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही आणि पेरूचाही नाही. पेरूसाठी त्याची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक हवी. आपल्याकडे असे व्हिसा घेतलेली हजारो आजी-आजोबा मंडळी आहेत. नातवंडं सांभाळून परत येतात, आणि पासपोर्टात आणखी दोन-तीन देशांची दारं उघडी आहेत हे त्यांच्या गावीही नसतं. अर्थात हे नियम बदलतात. तिकीट काढण्यापूर्वी त्या देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्यायचीच. माझ्या किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका.

तिसरी कात्री डॉक्टरांची. यादीत केनिया होता. मसाईमाराच्या नदीतून हरणांचे कळप उड्या घेतात ते ताईंना बघायचं होतं, आणि जुलै ते ऑक्टोबर हा काळही जुळत होता. पण केनियासारख्या देशातून सहा दिवसांच्या आत भारतात उतरायचं तर पीतज्वराच्या लसीचा दाखला लागतो. तो नसेल तर विमानतळावरूनच विलगीकरणात रवानगी होऊ शकते. ही लस सरकारमान्य ठरावीक केंद्रांवरच मिळते. एकदा घेतली की जन्मभर पुरते, पण साठीनंतर पहिल्यांदा घ्यायची असेल तर डॉक्टर दहा वेळा विचार करतात. ताईंच्या डॉक्टरांनी जुनी दुखणी बघून स्पष्ट ‘नको’ सांगितलं. पेरूत जंगलाच्या सखल भागात न जाता कुस्को आणि माचूपिचू करायचं तर त्या लसीवाचून चालतं, असंही त्यांनी सांगितलं. पेरू राहिलं, केनिया गेलं. ताई दोन दिवस नाराज होत्या.

इतकी काटछाट झाल्यावर वहीत बारा-तेरा नावं उरली. ती सगळी ‘बघितलीच पाहिजेत’ छापाची : हा मनोरा, तो धबधबा, अमुक राजवाडा. सहा महिन्यांत बारा देश म्हणजे पंधरा दिवसांना एक. एकट्या माणसाला त्यातले चार दिवस बॅगा भरण्यात आणि रस्ते शोधण्यात जातात. मी ताईंना विचारलं, ‘३४ वर्षं तुम्ही काय केलं?’ त्या म्हणाल्या, ‘टपाल वाटलं, दुसरं काय!’

तिथून यादी नव्यानं लिहायला घेतली. टोकियोत टपालाचं संग्रहालय आहे. वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियन संस्थेचं राष्ट्रीय टपाल संग्रहालय जुन्या पोस्टाच्याच इमारतीत आहे आणि बघायला पैसे पडत नाहीत. मेक्सिको सिटीत १९०७ मधलं मुख्य पोस्ट ऑफिस राजवाड्यासारखं आहे आणि तिथं आजही टपालाचं काम चालतं. पेरूत इंका राज्याचे धावपटू निरोप्ये होते. आपल्या हरकाऱ्यांसारखे ते टप्प्याटप्प्यानं धावत आणि गाठी मारलेल्या दोऱ्यांमधून हिशेब पोचवत. ज्या रस्त्यांवरून ते धावत, ते सहा देशांत पसरलेले रस्ते २०१४ मध्ये जागतिक वारसा ठरले. माद्रिदमध्ये १९१९ साली सुरू झालेल्या भव्य टपाल भवनात आता महापालिका आहे. स्वित्झर्लंडच्या बर्नमध्ये १८७४ साली जागतिक टपाल संघ स्थापन झाला. भारत त्याचा सदस्य १८७६ पासून. आणि मॉरिशस! तिथं १८४७ साली, म्हणजे आपल्या ‘सिंध डाक’च्या पाच वर्षं आधी, छापलेली दोन तिकिटं टपालप्रेमींमध्ये जगप्रसिद्ध आहेत.

ताईंचा चेहरा त्या संध्याकाळी बघण्यासारखा होता. या यादीत आयफेल टॉवर नव्हता, आणि त्याची त्यांना आठवणही झाली नाही. हे टपालाचंच असलं पाहिजे असं नाही. कुणी सुतार असेल, कुणी नर्स, कुणी रेल्वेतला. त्यांनी आपापला धागा धरावा. परक्या गावात एकट्या माणसाला गप्पा मारायला एक विषय लागतो. पर्यटक म्हणून आपल्याशी कोणी फारसं बोलत नाही. ‘मीही पोस्टात होते’ म्हटलं की काउंटरपलीकडचा माणूस खुर्चीतून उठतो.

क्रम असा लागला : २० मार्च २०२५ ला मुंबईहून टोकियो, चेरीच्या बहरात. मग लेकीकडे अमेरिका. मग मेक्सिको सिटी, आणि ती पेरूच्या आधी मुद्दाम ठेवली. ते शहर २२४० मीटरवर आहे. तिथं तीन आठवडे काढले की ३४०० मीटरवरच्या कुस्कोला शरीर जरा सरावतं; लिमाच्या समुद्रकिनाऱ्यावरून विमानानं थेट कुस्कोला गेलं की डोकं धरून बसायची वेळ येते. जून महिना पेरूत, कारण २४ जूनला कुस्कोत सूर्याचा मोठा उत्सव असतो. १५ जुलैला माद्रिद. म्हणून स्पेनच्या वकिलातीकडे अर्ज १५ जानेवारीनंतर लगेच, आणि तो पासपोर्ट परत आल्यावर जपानचा अर्ज. मग ऊन टाळायला बर्नकडे. शेवटी मॉरिशस.

सबंध पृथ्वीचं एकच तिकीट विमान कंपन्यांचे संघ विकतात. त्यात साधारणपणे एकाच दिशेनं जायचं असतं आणि दोन्ही महासागर ओलांडायचे असतात. ताईंनी तिकिटं सुटी काढली. मात्र पुढच्या देशाचं तिकीट नेहमी हातात ठेवलं. एकेरी तिकिटावर निघालेल्या माणसाला अनेकदा विमानाच्या काउंटरवरच अडवतात.

मुक्कामाबद्दल माझं एक मत आहे. एकट्या माणसानं एका गावात निदान तीन आठवडे राहावं. खोलीचं भाडं एकट्याला पूर्ण पडतं, पण महिन्याच्या दरानं ते बरंच उतरतं. शिवाय चौथ्या दिवशी भाजीवाली ओळखायला लागते, त्याची किंमत भाड्याच्या हिशेबात येत नाही. पहिला देश शिस्तीचा, सुरक्षित असावा. जपान त्यासाठी उत्तम. फक्त शुद्ध शाकाहारी मंडळींनी जपून : तिकडच्या साध्या दिसणाऱ्या सुपातही बहुधा माशांचं पाणी असतं. ताईंना मासे चालतात, त्यामुळे प्रश्न आला नाही.

लंडन मात्र राहिलं. तिथं २०१७ मध्ये सुरू झालेलं टपाल संग्रहालय आहे, जमिनीखालून टपाल नेणारी जुनी छोटी रेल्वेही आहे. पण ब्रिटनचा व्हिसा वेगळा, त्याची फी वेगळी आणि त्यासाठी बर्नचा एक आठवडा गेला असता. ताईंनी स्वतःच नाव खोडलं.

मॉरिशसला त्या पोचल्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. तो महिनाही मुद्दामच निवडला होता. आपल्या माणसांना तिथं फिरायला व्हिसा लागत नाही, हवा गार असते, आणि एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांमुळे गणेश चतुर्थीला तिथं सार्वजनिक सुट्टी असते. २७ ऑगस्टला ताईंनी तिथल्या एका मराठी घरात आरती म्हटली. दुसऱ्याच आठवड्यात त्या पोर्ट लुईच्या ब्लू पेनी म्युझियममध्ये गेल्या. उजेडानं रंग उडू नये म्हणून ती दोन्ही अस्सल तिकिटं तासातून थोडाच वेळ दाखवतात. एरवी समोर नकला असतात. ताई पुढच्या तासाला पुन्हा रांगेत उभ्या राहिल्या.