‘तिला सांगू नका’
(विरार येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



विषय सांगितला तेव्हा व्याख्यानमालेचे कार्यकर्ते क्षणभर गप्प झाले होते. संध्याकाळी लोक दोन घटका बरं वाटावं म्हणून येतात, त्यांच्यापुढे कॅन्सर कशाला, असं त्यांना वाटलं असणार. तरी त्यांनी हो म्हटलं, त्यांचे आभार. ज्याच्या नात्यात, निदान मजल्यावर, कुणी ‘टाटाला’ जाऊन आलेलं नाही असं घर या सभागृहात क्वचितच सापडेल. आपण परळच्या त्या हॉस्पिटलचं नावसुद्धा पुरतं घेत नाही. ‘टाटाला नेलंय’ एवढं म्हणतो आणि ऐकणारा पुढचं विचारत नाही.

माझी पुतणी ३१ वर्षांची होती. अंधेरीला नोकरी, सकाळची विरार लोकल, लग्न ठरवायचं चाललेलं. पोटात दुखायचं, वजन उतरत होतं. पाच महिने एका डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटीच्या आणि मूळव्याधीच्या गोळ्या दिल्या. निदान झालं तेव्हा आतड्याचा कॅन्सर यकृतापर्यंत गेला होता. तरुण वयात हा आजार कुणाच्या मनातच येत नाही. म्हणून आज आईबापांना एवढंच सांगतो: शौचावाटे रक्त जात असेल, वजन उगाच घटत असेल, तर वय बघू नका, तपासणी मागा.

लहान मूल आजारी पडलं तर निर्णय आईबापांचे. सज्ञान, कमावत्या मुलीचं तसं नसतं. संमतीच्या फॉर्मवर सही तिची. बाप मागे पिशवी धरून उभा. माझा दादा पोस्टातून निवृत्त झालेला, आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या तपासलेला माणूस. तिची सही कशी बारीक होत चालली आहे, हे त्याच्या लक्षात पहिल्यांदा आलं.

दुसऱ्या केमोनंतर स्कॅन झाला. दादाने डॉक्टरांना बाहेरच्या बाजूला गाठलं आणि हात जोडून म्हणाला, “डॉक्टर, तिला सांगू नका. ती खचेल.” हे वाक्य तिथे रोज कितीतरी वेळा बोललं जात असेल. ते प्रेमातूनच येतं. दादाला मी तेव्हाही दोष दिला नाही, आजही देत नाही. पण त्या वाक्याने आमच्या घरात काय केलं, ते सांगण्यासाठी मी इथे उभा आहे.

वहिनी न्हाणीघरात नळ सोडून रडायची. टीव्हीचा आवाज वाढला. पाहुण्यांना दारातच ताकीद: आजाराचं बोलायचं नाही. आणि पुतणी? तिने एका रात्री गॅलरीत मला विचारलं, “काका, पीएफचं नॉमिनेशन ऑनलाइन बदलता येतं ना? आईचं नाव घालायचंय.” मी तिच्याकडे बघत राहिलो. रिपोर्ट तिच्याच मोबाइलवर आला होता. बापाने हात जोडले त्याच्या आदल्याच दिवशी तिने तो वाचला होता. दोन महिने ती आईबापांना खचू देत नव्हती आणि आईबाप तिला. तिघंही एकाच घरात, तिघंही एकेकटे.

तिला मरणाची भीती होती, होतीच. पण त्या रात्री तिने विचारलं ते फ्लॅटच्या कर्जाचं. बोळींजचा फ्लॅट, कर्ज तिच्या आणि बापाच्या नावावर, हप्ता तिच्या पगारातून जायचा. मोठं झालेलं मूल जातं तेव्हा घराचा खांबही जातो, हे लोक बोलून दाखवत नाहीत. बोलणं स्वार्थी वाटतं. मुलांना मात्र तोच घोर लागलेला असतो, आणि त्यांना गप्प ठेवलं की तो घोर ती एकटी वाहतात.

दादाने जीवदानीला नवस बोलला होता. दर मंगळवारी पायी चढायचा, तेराशेच्या वर पायऱ्या. एका मंगळवारी मी सोबत गेलो. अर्ध्यावर तो दम घ्यायला बसला तेव्हा म्हटलं, “तिला माहीत आहे.” त्याने विचारलं, “कधीपासून?” मी तारीख सांगितली. तो बोटांवर मोजायला लागला. त्या तारखेनंतर परळच्या किती खेपा झाल्या, कोणत्या खेपेला ती गाडीत हसली होती, कोणत्या खेपेला दादरला वडापाव मागितला होता. मोजून झाल्यावर म्हणाला, “म्हणजे ती माझ्यासाठी खात होती.” त्या दिवशी आम्ही वर गेलो नाही.

घरी आल्यावर तिघं बसले. चार तास. मी बाहेर होतो, आत काय झालं ते मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी टीव्ही बंद होता. त्या आठवड्यात तिने सांगितलं, “आता केमो नको.” दादा दोन दिवस बोलला नाही. मग फाइल घेऊन तिच्यासोबत निघाला.

इथून पुढे जो विभाग सुरू होतो त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, मराठीत परिहार सेवा. ‘आता काही करता येत नाही’ हे वाक्य मला साफ नामंजूर आहे. आजार जात नाही, पण दुखणं, मळमळ, धाप, झोप, भीती या प्रत्येकावर करण्यासारखं खूप असतं. हे उमगायला मात्र आपल्याला वेळ लागला. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने परदेशात वारल्या. त्या दुःखातून परळचं हॉस्पिटल उभं राहिलं, २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. देशातलं पहिलं हॉस्पिस, वांद्र्याचं शांती आवेदना सदन, डॉ. लुई जोस डिसोझा यांनी १९८६ मध्ये सुरू केलं. आजार बरा करण्याच्या जागेपासून माणसाला शांतपणे सांभाळण्याच्या जागेपर्यंत यायला आपल्याला ४५ वर्षं लागली.

आणि दुखण्यावरचं मॉर्फिन. या शब्दाने आमच्या घरात वादळ उठलं. ‘मॉर्फिन म्हणजे शेवट,’ एक नातेवाईक म्हणाले. दुसरे म्हणाले, ‘व्यसन लागेल.’ ते ज्यापासून बनतं ती अफू आपल्याच देशात, मध्य प्रदेश-राजस्थानात सरकारी परवान्याने पिकते. पण १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा एवढा कडक झाला की औषधाची दुकानं आणि डॉक्टर दोघंही मॉर्फिनला घाबरू लागले. त्या वर्षी देशात सुमारे ७०० किलो मॉर्फिन औषध म्हणून वापरलं गेलं होतं, १९९७ पर्यंत ते २० किलोच्याही खाली आलं. दुखणारी माणसं तेवढीच होती. संसदेने २०१४ मध्ये कायदा सुधारला. आता राज्याच्या औषध नियंत्रकांकडून मान्यता घेतलेली संस्था ते ठेवू शकते, देऊ शकते.

गोळी दुखायला लागल्यावर घ्यायची नसते, घड्याळावर घ्यायची असते, साधारण दर चार तासांनी. सोबत बद्धकोष्ठतेचं औषध सुरुवातीपासून. मात्रा डॉक्टर हळूहळू वाढवतात. दादाने दोनशे पानी वही केली, पोस्टाच्या रजिस्टरसारखे रकाने आखून: वेळ, गोळी, दुखणं दहापैकी किती, शेरा. पहिल्या दिवशी पहाटे चारला ‘८’. तिसऱ्या दिवशी ‘३’, आणि शेऱ्यात: ‘वेणी घातली. आईकडून.’

वहिनीचं दुःख वेगळंच होतं. तांदळाची पेज, त्यावर तुपाचा थेंब, आणि “दोन घास खा गं.” पुतणीच्या पोटात ते राहत नव्हतं. शेवटच्या टप्प्यात शरीरालाच अन्न नको असतं. आजार माणसाला संपवत आणतो म्हणून भूक जाते, खात नाही म्हणून माणूस जात नाही. बळेच भरवलं तर ठसका लागतो, घास श्वासनलिकेत जातो. हे आईला कसं समजावणार? परिचारिकेने समजावलं नाही. तिने वहिनीच्या हातात ओला कापूस दिला आणि ओठ कसे ओले ठेवायचे ते दाखवलं. वहिनीच्या हाताला काम मिळालं. पुतणी एकदा म्हणाली, “आई, वाटी ठेव. नुसती बस ना.” वहिनी बसली.

घरात आणखी एक प्रश्न फिरत असतो: कुणाचं चुकलं? बाहेरचं खाणं, प्लास्टिकची बाटली, कुणाची दृष्ट. राज्याचे गृहमंत्री राहिलेले आर. आर. पाटील ५७ व्या वर्षी, १६ फेब्रुवारी २०१५ रोजी तोंडाच्या कॅन्सरने गेले आणि त्यांच्या आई मागे राहिल्या. तोंडाच्या कॅन्सरमध्ये निदान तंबाखूवर बोट ठेवता येतं. इतर कितीतरी कॅन्सरांत बोट ठेवायला काहीच सापडत नाही, मग माणसं ते एकमेकांवर ठेवतात. तेवढं टाळा, हात जोडून सांगतो.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत सोपी केली. शुद्धीवर असलेली सज्ञान व्यक्ती दोन साक्षीदारांसमोर लिहून, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून ठेवू शकते की आशा उरली नसताना यंत्रांवर ठेवू नका. आमच्या पुतणीने हे केलं. पण कागदावर असं लिहायला माणसाला स्वतःचा आजार ठाऊक असावा लागतो. ‘तिला सांगू नका’ म्हणणारं घर तिचा हा हक्कही काढून घेतं.

घराला अशा वेळी सोबत हवी. केरळात कोझिकोडला शेजारची साधी माणसं, शिक्षक, रिक्षावाले, दुकानदार, शिकून अशा घरांत जातात. केरळने २००८ मध्ये त्यासाठी धोरणच केलं. आपल्या महापालिकेच्या हद्दीत एवढी लाखो माणसं राहतात. गोळ्यांसाठी दर खेपेला माणसाने परळ गाठायचं, हे मला पटत नाही. इथल्या रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवण्याची मान्यता घ्यावी म्हणून आम्ही पाचजण अर्ज घेऊन फिरतो आहोत. व्याख्यानानंतर बाहेर टेबल आहे. आठवड्यातला एक तास कुणाच्या घरी बसण्यासाठी देता येत असेल तर नाव लिहा. डॉक्टर असायची गरज नाही. त्या तासात घरची बाई अंघोळ करून येते, झोपते.

पुतणी घरीच गेली, पहाटे, आईबाप दोघं जवळ असताना. वहीत चारची नोंद आहे, आठची नाही.

बाराव्यानंतर उरलेल्या गोळ्या परत करायच्या होत्या, त्या तशाच घरात ठेवायच्या नसतात. दादा एकटाच निघाला. मी स्टेशनवर सोडायला गेलो. तो नेहमीच्या जागी जाऊन उभा राहिला, दिव्यांगांच्या डब्यासमोर. कॅन्सरच्या रुग्णांना त्यातून जाता येतं आणि इतके महिने तो तिला धरून तिथूनच चढला होता. गाडी लागली. दादाने एक पाय वर ठेवला. मग काढला, पिशवी छातीशी धरली आणि पुढच्या डब्याच्या गर्दीकडे चालू लागला.